माझ्या गल्लीत नाक दाबायचं न्हाय

आमची घरमालकीण गटाराच्या चेंबरांना माणसांची नावं द्यायची.

भिवंडीत यंत्रमागांच्या कारखान्यांमागे तिची बैठी चाळ होती. एका रांगेत खोल्या, समोर अरुंद गल्ली आणि गल्लीच्या पोटात तिच्या नवऱ्याने टाकलेला जुना पाइप. त्या पाइपावर तीन चेंबर होते. ज्या नगरसेवकाने मतं मागताना "यंदा हे काम नक्की" म्हणून हात जोडले आणि निवडून आल्यावर तोंड दाखवलं नाही, त्याचं नाव एका चेंबरला. नाव म्हणजे त्याचा धंदा. गल्लीच्या तोंडाशी वकील, मध्ये डॉक्टर आणि अगदी आत, माझ्या खोलीसमोर, मास्तर.

सकाळी तिचा आवाज यायचा. "डॉक्टर भरलाय. मास्तर उतू चाललाय. वकिलात कापूस कोनी टाकला गो?"

नवीन भाडेकरूला हसू यायचं. मलाही आलं होतं. मग एक दिवस मास्तर उंबरा ओलांडून आत यायचा, चुलीपर्यंत, आणि हसू जायचं.

ती आगरी होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, दातांना मिश्री, गळ्यात जाड सोन्याची माळ. हातात लांब बांबू असायचा, खाडीत होडी ढकलायचा असतो तसा. त्याला खाली लोखंडी आकडा बसवून घेतला होता. त्याने ती झाकणं उचलायची आणि आत ढवळायची. ढवळताना वाकून बघायची आणि कोणाच्या घरी काल काय शिजलं ते मोठ्याने सांगायची. "बोंबील व्हते काय गो तुझ्याकडं? मना न्हाय दिलंस?" मी मान खाली घालायची. मला चारचौघांत बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. शेजारच्या खोलीत लूम चालवणारा एक चाचा होता, तो मात्र उत्तर द्यायचा. "अम्मा, गटर में झाँक के दावत मत माँगा करो."

तिचा एक नियम होता. तिच्या गल्लीत नाक दाबायचं नाही. पदर, रुमाल, हात, काहीच नाकाला लावायचं नाही. लावला तर तो तिचा अपमान. चाचा एकदा म्हणाला, "अम्मा, नाक तो अपनी है ना?" तर ती म्हणाली, "नाक तेरी, गल्ली मेरी."

हे ऐकायला गमतीचं वाटतं. माझा भाऊ गावाहून आला होता. बिचारा एसटीतून उतरून, नाचणीचं पीठ आणि वालाची पिशवी घेऊन चालत आला. गल्लीत पाऊल टाकलं आणि त्याने उपरणं नाकाला लावलं. ती ओट्यावर बसली होती. तिथूनच ओरडली, "कोन रं तू? वास येतो काय? मंग जा तुझ्या महालात." तो घाबरून तिथेच थांबला. मी दारात उभी. मला म्हणायचं होतं की आजी, हा माझा भाऊ आहे, वर्षातून एकदा येतो. तोंडातून शब्द निघाला नाही. भाऊ पिशवी चाचाच्या हातात देऊन परत गेला. पुन्हा कधी आला नाही. तिला ते आठवतही नव्हतं. मला आठवतं.

गल्लीला वास का यायचा ते सांगते. गल्लीच्या तोंडाशी सायझिंगचा कारखाना होता. तिथे ताण्याच्या धाग्याला खळ लावतात. उरलेली खळ ते गरमगरम गटारात सोडायचे. गरम असेपर्यंत ती वाहायची, आमच्या पाइपात शिरायची, आत मास्तरापर्यंत यायची आणि तिथे थंड होऊन खरवसासारखी बसायची. वर लूमचा कापूस, त्याच्यावर सगळ्या चाळीचा मैला. ती आकड्याने त्याचे तुकडे काढायची आणि पालिकेच्या नावाने शिव्या द्यायची. बाहेरची खळ आत येतेच कशी, याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. ती देते त्याच शिव्या आम्हीही मनातल्या मनात देत होतो.

तिचं स्वतःचं घर गल्लीच्या टोकाला होतं, माझ्या खोलीच्या पलीकडे. उंच ओटा, वर चार पायऱ्या. तिच्या घरात पाणी कधी गेलं नाही.

पालिकेला ती घाबरायची नाही, हे खरं आहे. लोक अजून तिचं तेवढंच सांगतात. कोणी साहेब पाहणीला आला की ती लाल प्लास्टिकची खुर्ची आणून बरोबर चेंबरच्या झाकणावर ठेवायची. साहेब बसल्याशिवाय एक शब्द बोलायची नाही. "बसा की. मास्तर काय चावतो?" साहेब बसला की चहा. चहा पिताना खालून बुडबुड आवाज यायचा आणि ती साहेबाच्या तोंडाकडे बघत राहायची. एकाने नाक दाबलं तर कप हातातून काढून घेतला.

माझ्या मुलीला कावीळ झाली त्या वर्षाची गोष्ट. ती दुसरीत होती. आधीच्या वर्षीही झाली होती. दवाखान्यात सांगितलं की पाणी उकळून प्या आणि घरात घाण येऊ देऊ नका. पाणी उकळता येतं.

मालकीण एक दिवस दारात आली आणि म्हणाली, "पोरीला घे. पालिकेत जायाचं हाय." मी म्हटलं ती झोपली आहे, अंगात ताकद नाही. "उचलून घे. मी रिक्षा करते." चाळीतल्या सगळ्या बायका निघाल्या होत्या. मी मुलीला खांद्यावर घेऊन गेले. मोठ्या साहेबाच्या खोलीत तिने माझ्या हातातून मुलीला घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि बोटाने तिची पापणी खाली ओढली.

"बघ. पिवळी हाय का न्हाय?"

साहेब म्हणाला, "आजी, मुलीला घरी न्या. आपण निधीचं बघतो."

"आधी बघ. खुर्चीवरून ऊठ आन हितं येऊन बघ."

साहेब उठला. त्याने पाहिलं. शिपायाने पाहिलं, बाहेर उभे असलेले ठेकेदार आत येऊन पाहून गेले. मुलगी रडत नव्हती, तेवढीही ताकद नव्हती. माझ्या पायाखाली फरशी होती तरी मला वाटलं मी मास्तरातच उभी आहे. पण मी स्वतःला म्हटलं, हिच्या डोळ्यांनी जर काम होणार असेल तर होऊ दे.

आणि काम झालं. एवढ्या वर्षांत मिळाला नव्हता तो निधी मंजूर झाला. जुना पाइप काढून नवा टाकायचा, पैसे पालिकेचे, आम्हाला काही द्यायचं नाही. अट एकच, मार्च संपायच्या आत काम सुरू झालं पाहिजे, नाहीतर पैसे दुसरीकडे जाणार. मालकिणीने सगळ्या चाळीला पेढे वाटले. माझ्या मुलीला दोन दिले. तिला गोड चालत होतं, तिने खाल्ले.

मग इंजिनियर आला. तरुण होता. खुर्चीवर बसला, चहा प्यायला, नाक दाबलं नाही. मालकिणीला आवडला. त्याच्याबरोबर दोन माणसं होती. त्यांनी पाण्याने भरलेली लांब पारदर्शक नळी आणली, एक जण वकिलापाशी टोक धरून उभा राहिला आणि दुसरा मास्तरापाशी. दोन्हीकडे खुणा केल्या, पाइप किती खोल ते मोजलं. इंजिनियरने पुन्हा मोजायला लावलं.

"आजी," तो म्हणाला, "तुमच्या पाइपाला उतार उलटा आहे. घाण बाहेर जात नाही. बाहेरचीच आत येते."

आम्ही सगळ्या दारांत उभ्या होतो. चाचाने डोक्याला हात लावला. "मतलब सायझिंग वाला हमारे घर में कांजी भेज रहा था, और हम समझे हमारी तक़दीर है."

इंजिनियर म्हणाला की हाच पाइप इथेच बदलला तर दोन वर्षांत पुन्हा हेच होईल. जमिनीचा उतार मागच्या बाजूला आहे. मालकिणीच्या घराशेजारी जी भिंत होती, तिच्याकडे त्याने बोट दाखवलं. भिंतीखालून पलीकडच्या मोकळ्या जागेतून पाइप काढला तर थेट मोठ्या नाल्यात. थोडं काम, कायमचं काम. "जागा कोणाची आहे?"

"मुडद्याची," मालकीण म्हणाली.

"म्हणजे?"

"माझ्या दिराची."

इंजिनियर म्हणाला, त्यांची परवानगी आणू, तुमचीही सही लागेल. ती म्हणाली, "उतार तिकडं हाय ते ठाव हाय मना. गवंड्यानं तवाच सांगितलं व्हतं माझ्या घरवाल्याला. भावाच्या जागंतून न्हाय न्यायचं म्हनून त्यानं हिकडून वळवला."

तिने हे असं सांगितलं, जसं कोणी सांगतं की ही भिंत पूर्वी पिवळी होती. मी दारात उभी होते. मुलगी माझ्या मागे झोपलेली. मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. हिला माहीत होतं. आम्ही भाडं भरून इथे राहायला आलो तेव्हा माहीत होतं. वकिलाला, डॉक्टरला, मास्तरला शिव्या घालताना माहीत होतं. माझ्या मुलीची पापणी ओढताना माहीत होतं. ते तिघे नगरसेवक खोटारडे असतील, पण ते खरे असते तरी पाणी बाहेर गेलं नसतं.

दिराने त्याच दिवशी सही दिली. इंजिनियर म्हणाला, माणूस चांगला वाटला. मालकीण म्हणाली, "चांगला हाय म्हनूनच मी सही देत न्हाय." भिंतीचं भांडण दोघा भावांचं होतं, पण राग तिचा वेगळा होता. दिराच्या मोठ्या मुलाला तिने मांडीवर वाढवलं होतं. त्याच्या हळदीला मोठ्या काकीचा पहिला मान. पण तोवर तिचा नवरा वारला होता. जावेने पहिली हळद लावायला एका नगरसेवकाच्या बायकोला बोलावलं आणि हिला आतल्या खोलीत बसवलं. ती उठून घरी आली, तर मागून जेवणाचा डबा पाठवला. "डब्यातनं जेवान धाडलं मना. आजाऱ्याला धाडतात तसं."

हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते. मला वाईट वाटलं. आगरी घरात हळद लग्नापेक्षा मोठी असते, हे इतकी वर्षं तिथे राहून मलाही कळलं होतं. पण ती पुढे म्हणाली, "मी त्याच्या दारात पाय ठेवत न्हाय, आन माझा मैला ठेवू? उद्या सगल्या गावात सांगंल, वयनीचं गू माझ्या जागंतून जातं."

तिचं? पाइपात जात होतं ते सगळं आमचं होतं. मान तेवढा तिचा.

फेब्रुवारी गेला. माझा नवरा जवळच्या काल्हेरला गोडाऊनमध्ये हमाली करायचा. त्याने आणि चाचाने तिच्या पायऱ्यांवर बसून विनवण्या केल्या. ती म्हणाली, "जावेनं माझ्या दारात येऊन बोलावनं करावं. मंग देते सही." दिराच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मग हे दोघे दिराकडे गेले, हात जोडले. तो म्हणाला, पाठवतो तिला.

जाऊ आली. दुपारची वेळ होती. भरजरी साडी, अंगभर सोनं, बरोबर दोन बायका, हातात हळदकुंकू आणि अक्षतांचं ताट. त्याच सकाळी सायझिंगवाल्याने खळ सोडली होती. डॉक्टरपासून मालकिणीच्या पायरीपर्यंत गल्लीत पाणी होतं, घोट्याच्या वर. जाऊ डॉक्टरपाशी कोरड्यात थांबली. मालकीण ओट्यावर उभी राहिली, पदर सारखा केला.

"ये गो, वर ये," ती म्हणाली.

"बाय, पुढं या ना जरा. मी एवढ्यातनं कशी येऊ?"

"बोलावनं दारात येऊन करतात."

"आल्ये ना दारात! गल्ली काय तुमचं दार न्हाय?"

"माझं दार हितं हाय."

दोघी बोलत राहिल्या. आधी गोड बोलल्या, मग जुन्या गोष्टी निघाल्या. डबा निघाला, नगरसेवकाची बायको निघाली. जावेने बोलता बोलता पदर नाकाला लावला. आम्ही सगळ्या दारांतून बघत होतो. मधलं ते पाणी आम्ही रोज तुडवत होतो. पाणी भरायला, कामाला, मुलांना शाळेत सोडायला. आम्हाला कोणी म्हटलं नव्हतं की एवढ्यातनं कशी येणार.

मी साडी वर धरली आणि पाण्यात उतरले. जावेपर्यंत गेले. मी नुसते हात पुढे केले. तिने ताट माझ्या हातात दिलं, सुटल्यासारखं. मी ते घेऊन परत पाण्यातून ओट्यापर्यंत आले आणि मालकिणीसमोर धरलं.

तिने ताटाकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे.

"भाडोत्र्याच्या हातून बोलावनं घेऊ?"

मला तेव्हा काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी वळले. मूठभर अक्षता घेतल्या आणि मास्तरावर टाकल्या. मग पुन्हा मूठ, मग पुन्हा. सगळ्या अक्षता संपेपर्यंत टाकल्या. पिवळे तांदूळ त्या घाणीवर तरंगत राहिले. जावेबरोबरची एक बाई "अगो बाय बाय" म्हणाली आणि त्या तिघी निघून गेल्या.

मालकीण हसली. खरोखर हसली, पोट धरून. "लागलं लगीन मास्तराचं! अगो, ही मुकी म्हनत व्हतो आपुन!" आणि सगळी गल्ली तिच्याबरोबर हसली. चाचाही हसला. नवराही. मी ताट धुतलं आणि तिच्या पायरीवर ठेवून आले.

सही झाली नाही. मार्च संपला. निधी दुसऱ्या प्रभागात गेला. कुठे गेला ते मी मुद्दाम जाऊन पाहून आले. एका लग्नाच्या हॉलसमोर लाल-पिवळे ब्लॉक बसले होते, छान, सपाट. खाली गटार नव्हतंच.

तिने मला खोली सोडायला सांगितलं नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी सगळ्यात आधी माझ्या खोलीसमोर यायची, बांबू घेऊन, आणि मास्तर स्वतः उपसायची. बादल्या भरभरून खळ काढायची, गल्लीबाहेर नेऊन टाकायची. म्हातारी होत चालली होती. धाप लागायची. कधी बादलीशेजारी कागदात गुंडाळलेली सुकी मच्छी ठेवून जायची. मला तिची दया यायची. आणि दया यायची म्हणून दुप्पट राग यायचा. एक सही करायच्या ऐवजी ही बाई जन्मभर बादल्या उचलायला तयार होती, आणि मी त्याबद्दल तिचं भलं चिंतावं अशी तिची अपेक्षा होती. मच्छी मी घेत होते. घरात मुलं होती.

ती श्रावणात गेली. सकाळी उठली नाही. चार दिवस पाऊस लागून होता आणि गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी होतं, काळं, वर कापूस तरंगणारं. तिरडी बांधली, पण न्यायची कुठून? खांदेकरी पाण्यात उतरले तर पाय सरकत होते. एक जण चेंबरमध्ये जाता जाता वाचला, झाकण कधीच वाहून गेलं होतं. माणसं ओट्यावर अडकून उभी. मग भिंतीपलीकडून आवाज आला. दीर आला होता. त्याने गवंडी बोलावला, दोन माणसं पहारी घेऊन आली आणि त्यांनी ती भिंत फोडली. बघता बघता फोडली. ज्या भिंतीसाठी आम्ही सगळ्यांच्या पाया पडलो होतो ती एवढीच होती, एका विटेची, मातीतली. तिरडी त्या भोकातून निघाली आणि दिराच्या जागेतून, पाणी न साचलेल्या उतारावरून गेली. बायका रडत होत्या. जाऊ सगळ्यात मोठ्याने रडत होती.

आणि त्या भोकातून गल्लीतलं पाणीही निघालं. आम्ही बघत राहिलो. कोणी काही केलं नाही, पाइप नाही, नळी नाही, नुसतं भोक. पाणी आपलं आपण उताराने दिराच्या जागेत गेलं आणि तिथून नाल्याकडे. दुपारपर्यंत गल्लीची फरशी दिसायला लागली. मी इतक्या वर्षांत तिचा रंग पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी भोक बुजवायला आला. दीर छत्री घेऊन उभा होता. मी त्याच्यासमोर गेले. या वेळी मी बोलले. "भाऊ, भिंत उघडीच आहे. आता पाइप टाकून घ्या. तुम्ही तर तेव्हा सही दिली होती."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. "वयनीची इच्छा नव्हती, बाई. मेलेल्या मानसाचा शब्द मोडायचा काय? तिचा मान राखला पायजे." आणि जागेतल्या चिखलाकडे बघून त्याने रुमाल नाकाला लावला. "हितं आता गोडाऊनवाले बघायला येणार हायत."

गवंड्याने पहिला थर लावला. ओल्या फरशीवर जुन्या विटांचा ढीग होता. मी वाकले आणि त्यातल्या चांगल्या विटा उचलल्या, जेवढ्या पदरात मावल्या तेवढ्या. घरी नेल्या, पलंगाच्या पायांखाली लावायला, मुलगी झोपते त्या बाजूला. परत आले आणि आणखी उचलल्या. चाचाची बायको बघत होती, तीही आली.

"ओ ताई," गवंडी ओरडला, "विटा कमी पडतील ना!"

"पडू देत," मी म्हटलं.